नवा कॅमेरा, उघडी जिप्सी आणि पक्षी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवाळीत कॅमेरा घेतला, जंगलाचे बुकिंगही झाले, आता पुढे काय, अशा अर्थाची बरीच पत्रे या महिन्यात आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

क्रॉप सेन्सरचा (जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आणि १००-४०० ची झूम लेन्स घेतली आहे. जानेवारीत ताडोबात दोन सफारी आहेत. दुकानदार म्हणाला, 'ऑटो'वर ठेवा, सगळे नीट येते. पक्ष्यांसाठी नेमके काय लावून ठेवू? (नाशिक)

ऑटोवर ठेवू नका. फांदीवर बसलेला सर्पगरुड आणि पुढच्या क्षणी झेप घेणारा सर्पगरुड यांतला फरक ऑटोला कळत नाही. सागाच्या सावलीत तो बिनदिक्कत १/१२५ शटर (म्हणजे सेकंदाचा १२५ वा भाग उजेड घेणे) लावतो आणि पंखांच्या जागी नुसता फराटा उरतो.

मोड 'एम' (मॅन्युअल) ठेवा आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची तीव्रता, तेवढा ऑटो करा. मग शटर आणि अॅपर्चर तुमच्या हातात राहते आणि कमी-जास्त उजेडाचा हिशेब कॅमेरा आयएसओ बदलून करतो. अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र, लेन्सचे सर्वांत मोठे (एफचा आकडा सर्वांत लहान), म्हणजे ४०० वर एफ/५.६ किंवा एफ/६.३ जे असेल ते. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा ६४०० ठेवा. नवे लोक दाणेदार फोटोच्या भीतीने ती १६०० वर बांधतात. मग पहाटे उजेड कमी पडला की फोटो काळा येतो, घरी तो उजळावा लागतो आणि दाणे शेवटी दिसतातच, शिवाय रंगही मरतात. ६४०० वर नीट उजेडात घेतलेला फोटो त्यापेक्षा कितीतरी बरा.

शटरसाठी डायलवरच्या सी१ आणि सी२ या, आपली सेटिंग साठवून ठेवायच्या जागा वापरा. सी१ मध्ये बसलेला पक्षी: १/५००. सी२ मध्ये उडणारा पक्षी: १/२५००. दोन्हींत फोकस सतत चालू राहणारा, म्हणजे एएफ-सी, आणि विषय ओळखण्याच्या मेनूत 'पक्षी'. काही कॅमेऱ्यांत पक्षी वेगळे नसतात, 'प्राणी' यातच येतात. विकत घेताना हे बहुधा 'माणूस'वर असते आणि मालकाला महिनोन्महिने पत्ता नसतो, हे आधी तपासा. सी१ मध्ये फोकसची चौकट लहान ठेवा, म्हणजे पानांआडचा पक्षी निवडता येईल. सी२ मध्ये मोठी ठेवा, म्हणजे आकाशातला पक्षी चौकटीबाहेर निसटणार नाही. जांभळाच्या दाट सावलीत मत्स्य घुबड दिसले तर सी१ वरून शटर १/२०० पर्यंत खाली आणा आणि पाच-सहा फोटोंचा झपाटा घ्या, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढा. घुबड मिनिटभर हलत नाही, त्यातला एखादा तरी कोरीव येतो.

सराव घरीच करा. गच्चीवरून घिरट्या घालणारी घार आणि तारेवरून उडणारे पारवे यांच्याइतके चांगले गुरुजी नाहीत. १०० वर पक्षी शोधायचा, फोकस पकडायचा, मग ४०० पर्यंत झूम करायचे. थेट ४०० वर शोधायला गेलात तर निळ्या आकाशाशिवाय काही सापडत नाही. ही सेटिंग कागदावर लिहून खिशात ठेवा. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मोबाईल वापरू देत नाहीत, तेव्हा 'आत गेल्यावर शोधू' हे जमणार नाही.

आणि गेटवरच गाइडदादांना सांगा, 'वाघ दिसला तर उत्तमच, पण पक्ष्यांसाठीही थांबायचे आहे.' नाहीतर गाडी वाघाच्या वार्तेमागे धावत राहते. जिप्सीतल्या सहाही जणांचे यावर एकमत असले पाहिजे. दोन सफारींपैकी एक आगरझरी, देवाडा किंवा जुनोना अशा बफरमधल्या (गाभा क्षेत्राभोवतीच्या पट्ट्यातल्या) गेटातून घेतलीत तर थांबायला जास्त उसंत मिळते.

सातशे फोटो काढले, धड वीसही नाहीत. कॅमेऱ्यात दोष असेल का? (कोल्हापूर)

दोष असण्याची शक्यता फार कमी. फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करा आणि तीन गोष्टी पाहा.

पक्षी पुसट, पण मागची किंवा पुढची काडी स्वच्छ दिसते का? मग फोकस चुकला. ४०० एमएम, एफ/५.६ आणि पक्षी १० मीटरवर, तर क्रॉप सेन्सरवर स्पष्ट दिसणारी खोली सुमारे १४ सेंटिमीटर असते. ५ मीटरवर ती साडेतीन सेंटिमीटरच उरते. खंड्याच्या चोचीच्या टोकावर फोकस बसला तर डोळा गेलाच म्हणायचा. डोळा ओळखणारी यंत्रणा उघड्या जागेत छान चालते, पण बांबूच्या बेटात ती पेराच्या गाठीला डोळा समजते. तिथे ती बंद करा आणि लहान चौकट हाताने पक्ष्याच्या मानेवर ठेवा. यासाठी एखाद्या बटणावर विषय-ओळख चालू-बंद करण्याचे काम नेमून ठेवता येते.

सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसते का? मग हात किंवा गाडी हलली. इंजिन चालू असेल तर कितीही चांगले स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) कमी पडते. 'दादा, गाडी बंद करा' म्हणा, सहप्रवासी स्थिर होईपर्यंत दोन सेकंद थांबा, मग दाबा.

मागचे स्थिर, पण पक्षीच ओढलेला? मग शटर कमी पडले, किंवा तुम्ही पक्ष्याबरोबर वळला नाहीत. याचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. सेकंदाला १५ मीटर उडणारे बदक ३० मीटरवरून आडवे गेले, तर ४०० एमएमच्या लेन्समधून त्याची प्रतिमा सेन्सरवर सेकंदाला २०० मिलिमीटर सरकते. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर १/२००० सेकंदात ते झाले जवळपास २५ पिक्सेल. म्हणजे कॅमेरा धरून नुसते उभे राहिलात तर १/२००० सुद्धा पुरत नाही. त्याच वेगाने लेन्स फिरवलीत आणि फक्त दहावा हिस्सा चूक राहिली, तर घसरण अडीच पिक्सेलवर येते. शटरइतकेच कंबरेतून वळणेही महत्त्वाचे आहे. पाय रोवून कोपरे अंगाला टेकवा आणि बटण दाबल्यानंतरही वळत राहा. बहुतेक जण 'टक्' झाल्याबरोबर थांबतात, तिथेच फोटो जातो.

खंड्या फोटोत मुंगीएवढा येतो. ६०० ची लेन्स घ्यावी, की टेलिकन्व्हर्टर लावावा? (ठाणे)

आधी अंतर बघा, मग खिसा. छोटा खंड्या साधारण १७ सेंटिमीटरचा. २० मीटरवरून ४०० ने टिपला तर २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर तो सुमारे ८७० पिक्सेल लांब येतो, १० मीटरवरून १७४०. मासिकात किंवा भिंतीवर लावायला दुसरा आकडा हवा, मोबाईलवर दाखवायला पहिलाही चालतो. ६०० ची लेन्स २० मीटरवरून जेवढे देते, तेवढे ४०० ची लेन्स साधारण १३ मीटरवरून देते. म्हणजे तो सात मीटरचा फरक आहे. पाणवठ्याशी गाडी योग्य जागी लावून पंधरा मिनिटे बंद ठेवली तर तो पुष्कळदा आपोआप मिटतो. खंड्या, वेडा राघू, नीलपंख हे सगळे ठरावीक जागेवर परत येणारे पक्षी आहेत. वेडा राघू माशी पकडून त्याच काडीवर येतो, ती काडीवर आपटतो आणि मग गिळतो. एकदा काडी कळली की फोकस तिच्यावर बसवून वाट बघायची, पक्ष्याचा पाठलाग करायचा नाही.

१.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी, प्रतिमा मोठी करणारी भिंगांची जोड) एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड खातो. एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते. भर उजेडात ठीक, पण जंगलातल्या सकाळी सातला फोकस मागेपुढे भटकत राहतो. पहिल्या वर्षी तो घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भिगवणला रोहित पक्षी बघायला गेलो. उडणाऱ्या पक्ष्यांचे पंख फोटोत विचित्र वाकलेले आले, लांबच्या थव्यावर सगळे लाटा मारल्यासारखे दिसते. पांढऱ्या पिसांत तर काहीच तपशील नाही. (पुणे)

यात तीन वेगळ्या चुका आहेत.

वाकलेले पंख हे इलेक्ट्रॉनिक शटरचे काम. आवाज नको म्हणून तुम्ही ते लावले असणार. त्यात सेन्सर एका क्षणात वाचला जात नाही, वरून खाली एकेक ओळ वाचली जाते. मध्यम किमतीच्या अनेक कॅमेऱ्यांना सगळा सेन्सर वाचायला सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग लागतो. सेकंदाला आठ वेळा पंख मारणाऱ्या पक्ष्याचा पंख तेवढ्यात पाव फेरी पुढे गेलेला असतो. शटर १/४००० लावले तरी हे टळत नाही, कारण १/४००० हा एका ओळीचा वेळ असतो, सबंध चित्राचा नव्हे. उडत्या पक्ष्यांसाठी मेकॅनिकल शटर वापरा. मेनूत 'इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन' (अर्धे इलेक्ट्रॉनिक, अर्धे मेकॅनिकल शटर) असेल तर १/२००० च्या पुढे तेही टाळा, मागची धूसर गोलाई कापल्यासारखी दिसते. बसलेल्या पक्ष्याला मात्र मूक शटर चांगले, तो दचकत नाही.

लाटा मारल्यासारखे दिसते ती ऊन आणि पाण्यामुळे थरथरणारी हवा. पाणी आणि हवा यांच्या तापमानातला फरक वाढला की हवेचे थर प्रकाश वाकवतात. दहा फोटोंच्या एका झपाट्यात काही बरे आणि काही वितळलेले दिसले, तर खात्रीने तेच. यावर महागडी लेन्स, जास्त शटर, ट्रायपॉड, काहीही चालत नाही. अंतर कमी करणे आणि लवकर जाणे एवढेच. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर डिकसळ किंवा कुंभारगावहून नाव सूर्योदयालाच पाण्यात असली पाहिजे. साडेनऊनंतर शंभर मीटरवरच्या थव्याच्या मागे लागू नका, काठाजवळचे शेकाट्या आणि तुतवार टिपा. जिप्सीतही थंड सकाळी तापलेल्या बॉनेटवरून फोटो घेतलात तर हेच होते. बाजूने घ्या.

पांढऱ्या पिसांचे कारण असे: कॅमेऱ्याचा मीटर सगळे दृश्य मध्यम करड्या उजेडाचे आहे असे धरून चालतो. गडद पाण्यावरचा मोठा बगळा दिसला की तो पाण्यासाठी उजेड वाढवतो आणि बगळा तपशीलाविना पांढराफटक येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे १ करा. रोहितांनाही उणे ०.७ पासून सुरुवात करा, नाहीतर पिसांवरची फिकट गुलाबी छटाच जाते. उलट पांढुरक्या आकाशापुढे पाणकावळा किंवा घार असेल तर अधिक १ ते अधिक १.७, नाहीतर काळी आकृती येईल. उडणारा पक्षी पाण्यावरून आकाशात गेला की हा हिशेब उलटतो. तेव्हा अशा ठिकाणी आयएसओही हाताने लावा. सूर्य पाठीशी आणि ऊन स्वच्छ असेल तर एफ/५.६, १/३२०० आणि आयएसओ ४०० यावर बगळा नीट येतो. पुढेमागे अर्धा स्टॉप हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) पाहून करा. पक्ष्यावरचे ऊन बदललेले नाही, म्हणून पार्श्वभूमी काहीही आली तरी आकडे तेच राहतात.

नावेत ट्रायपॉड उभा करू नका, नावेचा प्रत्येक हेलकावा तो कॅमेऱ्याला पोचवतो. फळीवर बसा, कोपरे गुडघ्यांवर टेकवा, लेन्स पाण्याच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणा. लाइफ जॅकेट अंगात, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात. डोके पाण्यात घालून चरणारे रोहित माना वर करून एकाच दिशेने चालू लागले, तर ते घाबरले आहेत. तिथेच नाव थांबवायला सांगा. 'उडवा' म्हणून नावाड्याला आग्रह करणारे आहेत, हे दुःखद आहे. चरायला आलेल्या पक्ष्याची ताकद आपल्या एका फोटोसाठी वाया जाते, आणि तो फोटो बहुधा पाठमोराच येतो.

झपाट्यात फोटो घेताना कॅमेरा मध्येच अडतो. (छत्रपती संभाजीनगर)

कार्ड हळू आहे. २५ एमबीच्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइली सेकंदाला १५ म्हणजे ३७५ एमबी. एवढे कॅमेऱ्यांत नेहमी वापरले जाणारे एसडी कार्ड झेलत नाही, म्हणून फोटो आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतात. तिथे ६० फोटो साठले तर ते रिकामे व्हायला व्ही३० कार्डाला, त्याच्या हमीच्या (सेकंदाला ३० एमबी) वेगाने, ५० सेकंद लागतील, व्ही९० ला १७. पण कॅमेऱ्याचा खाचा यूएचएस-२ चा (वेगवान कार्डांसाठीचा) नसेल तर महाग कार्डाचा फायदा मिळत नाही. अशा कार्डाच्या मागे पिनांच्या दोन रांगा असतात, खाचा कोणता हे कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत पाहा. तोवर पाच ते आठ फोटोंचे छोटे झपाटे घ्या.

जंगलातली धूळ आणि बीन बॅग यांविषयी सांगा. (नागपूर)

जिप्सीत लेन्स बदलू नका, एवढे पाळले तरी अर्धे काम होते. चालत्या गाडीत कॅमेरा मांडीवर आणि वर उशीचा सुती अभ्रा, पुढची गाडी गेली की धूळ बसेपर्यंत तो काढायचा नाही. संध्याकाळी आधी हवेचा रबरी फुगा, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. कापड आधी फिरवलेत तर काचेवर कण घासले जातात. दाबाच्या हवेचा डबा सेन्सरवर कधीही मारू नका. सेन्सरवर धूळ आहे का हे बघायला एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो घ्या, काळे ठिपके दिसतील. एसीच्या खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरते.

बीन बॅग, म्हणजे लेन्स टेकवायची धान्याची पिशवी, शिवून घ्या. जुन्या जीन्सच्या पायाचा ३० सेंटिमीटरचा तुकडा, एक तोंड दुहेरी शिलाईने बंद, दुसऱ्याला चेन. आत दोन ते अडीच किलो तांदूळ, पण पिशवी दोनतृतीयांशच भरा. गच्च भरली की ती लोडासारखी गोल होते आणि लेन्स घरंगळते. सैल राहिली की दांडीवर दोन्हीकडे लोंबते आणि लेन्स मध्ये रुतून बसते. थर्माकोलचे मणी हलके असतात, पण उसळी मारतात.

फेब्रुवारीत केनियाला, मसाई माराला जातोय. इथल्यापेक्षा वेगळे काय? (दुबई)

बीन बॅग रिकामी न्या, तांदूळ तिकडे मिळतो. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण १५ किलो आणि मऊ पिशवीतच, त्यात हातातला कॅमेराही धरतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, म्हणून धुळीपासून बचावाला कापडी पिशव्याच न्या. प्लग तीन चौकोनी पिनांचा, दुबईत वापरता तोच. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका.

गाडीचे छत वर उचलले जाते आणि सगळे तिथून उभे राहून फोटो घेतात. पक्ष्यांसाठी मात्र खिडकीच बरी, पक्षी डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि मागचे गवत दूर जाऊन मऊ दिसते. आपल्या नीलपंखाचा भाऊबंद लायलॅक-ब्रेस्टेड रोलर तिथे बुटक्या झुडपांवर हमखास बसलेला असतो. तो उडण्याआधी पुष्कळदा पुढे वाकतो, शीट टाकतो आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड करून झेपावतो. वारा कुठून येतो हे गवतावरून बघा, गाडी त्या बाजूला घ्यायला सांगा, सी२ लावा आणि पक्ष्याच्या समोर फ्रेममध्ये मोकळी जागा सोडा. कॅमेऱ्यात 'प्री-कॅप्चर' असेल तर इथे वापरा, बटण पूर्ण दाबण्याआधीचे अर्धे सेकंदही त्यात मिळते. अनेक कॅमेऱ्यांत ते इलेक्ट्रॉनिक शटरवरच चालते, तेव्हा वाकलेल्या पंखांचा धोका इथेही आहे.

जूनमध्ये नवरंग (इंडियन पिट्टा) पक्षी टिपायचा आहे. मोबाईलवर त्याची शीळ वाजवली की तो येतो म्हणतात. खरे का? (चंद्रपूर)

येतो, आणि म्हणूनच वाजवू नये. नवरंग पावसाच्या तोंडावर मध्य भारतात घरटे करायला येतो. आपली शीळ ऐकून तो हद्दीत दुसरा नर घुसला असे समजतो, घरटे बांधणे, अंडी उबवणे सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडायला धावतो. दिवसातून चार गाड्यांनी हे केले तर त्याची सकाळ त्यातच जाते. घरट्याचे फोटोही नकोत. आपण वाट पाडली की कावळ्यांना आणि मुंगसांना ती सापडते.

त्याची दोन सुरांची शीळ सकाळी आणि संध्याकाळी आपणहून ऐकू येते. ओढ्याकाठी, पालापाचोळा असलेल्या सावलीत गाडी बंद करून थांबा. तो जमिनीवर पाने उलथत चरतो आणि शीळ घालायला खालच्या फांदीवर चढतो. पाचोळ्यात १/२५०, फांदीवर १/५००, आयएसओ ६४०० पर्यंत जाऊ द्या, कॉम्पेन्सेशन उणे ०.३, कारण मागे अंधार आणि पोट उजळ पिवळट असते. फ्लॅश लावू नका. वीस मिनिटांत आला नाही तर पुढच्या ओढ्याला चला.